एकाच घराण्याच्या दोन गोळ्या : बांबोळीच्या मेडिसिन वॉर्डातले नऊ दिवस

डॉक्टरांनी पलंगाच्या पायथ्याशी वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि मला म्हणाल्या, "काकी, पिशवी ओता ह्याच्यावर."

पिशवीत यजमानांच्या सगळ्या गोळ्या होत्या. चालू असलेल्या, मध्येच सोडलेल्या, गेल्या पावसाळ्यातल्या खोकल्याच्यासुद्धा. डॉक्टरांच्या मागे पाच-सहा विद्यार्थी उभे होते. त्यांतल्या एका मुलीला त्या म्हणाल्या, "प्रत्येक स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर मोठ्यानं वाच. कंपनीचं नाव नको, आतलं औषध." ती एकेक स्ट्रिप उचलून वाचत गेली. सातव्या की आठव्या स्ट्रिपला अडखळली, मागे गेली, तिसरी स्ट्रिप पुन्हा हातात घेतली. दोन्ही रक्तदाबाच्या गोळ्या. रंग वेगळा, कंपनी वेगळी, लिहून देणारे डॉक्टरही वेगळे. एकीत हायड्रोक्लोरोथायझाइड, दुसरीत क्लोरथॅलिडोन. दोन्ही एकाच घराण्यातली, शरीरातलं मीठ लघवीवाटे बाहेर काढणारी. तीन आठवडे यजमान दोन्ही घेत होते. सकाळच्या चहाबरोबर मीच देत होते.

त्या आधीच्या चार दिवसांत त्यांच्या मेंदूचा एमआरआय झाला होता, हृदयाचा टू-डी एको झाला होता आणि चार तज्ज्ञ त्यांना पाहून गेले होते. ती पिशवी मात्र कोणी मागितली नव्हती.

मी साखळीची. बँकेत काउंटरवर ३१ वर्षं काढून निवृत्त झाले. मी अभिप्राय लिहिते तो मिक्सरचा किंवा एखाद्या खानावळीचा. हा अभिप्राय बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे आपल्या गोमेकॉच्या मेडिसिन वॉर्डाबद्दल आहे. इमारत, यंत्रं, खाटा ह्यांबद्दल मला काही सांगायचं नाही. मला एका कामाबद्दल सांगायचं आहे. दिवसभर वॉर्डातच असणारा, कुठल्याही एका अवयवाचा तज्ज्ञ नसलेला, आख्खा माणूस आपला मानणारा डॉक्टर. ह्या कामाला अमेरिकेत स्वतंत्र नाव आहे, ते मला तिसऱ्या रात्री कळलं. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी काय झालं होतं ते सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. यजमान ६६ वर्षांचे, मधुमेह बारा वर्षांचा. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ येत होती. आमच्या घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची, रानफळांची चौकट, दरवर्षी तेच बांधतात, रानातून घागऱ्या, कांगला आणतात, सुपारीचे घोस मोजून ठेवतात. यंदा त्यांनी उठायचंच नाव घेतलं नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात. मला वाटलं, पावसाळी हवा आहे, पेज घेतली की बरं वाटेल. मग एका पहाटे न्हाणीघरात पडले, नडगी फुटली आणि मला विचारू लागले, आज शाळेत तपासणी आहे ना? शाळेतून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली.

आम्ही त्यांना एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. नाव लिहीत नाही, कारण तिथे कोणी वाईट वागलं नाही. मेंदूचे डॉक्टर सकाळी आठला यायचे, मेंदू ठीक आहे म्हणायचे. हृदयाचे डॉक्टर दुपारी, हृदय ठीक. पायाची जखम बघायला सर्जन. साखरेचे डॉक्टर संध्याकाळी उशिरा. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं. रक्तात सोडियम कमी आहे हे पहिल्याच दिवशी कागदावर आलं होतं, त्यासाठी मिठाच्या कॅप्सूलही सुरू झाल्या. पण मीठ बाहेर फेकणारी गोळी "घरची औषधं चालू ठेवा" ह्या एका ओळीखाली तशीच पोटात जात राहिली. भरलेल्या बादलीच्या तळाला भोक असावं आणि आपण वरून तांब्याने पाणी ओतत राहावं, तसं चाललं होतं. मी विचारायची, "एकूण कसं आहे?" तर ज्याला विचारू तो दुसऱ्या डॉक्टरचं नाव सांगायचा. 'एकूण' कोणाकडेच नव्हतं.

चौथ्या दिवशी ते हाक मारली तरी डोळे उघडेनात. १०८ बोलावली. आमोणे पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे, आणि मग बांबोळीचा चढ. तो रस्ता मी शेकडो वेळा पाहिलेला, त्या दिवशी संपेना.

तिथे पोचल्यावर सोडियम ११२ निघालं. निरोगी माणसाचं १३५ ते १४५ असतं. एवढं खाली गेलं की मेंदूच्या पेशी पाणी ओढून सुजतात, माणूस बरळतो, झटके येऊ शकतात. जास्त मिठाचं सलाईन थोडंसं, मोजून दिलं. दोन तासांनी त्यांनी डोळे उघडले आणि सलाईनच्या काठीकडे बघून मला म्हणाले, "माटोळी खाली आली गो, वर ओढ." मी रडले. शुद्धीवर आले म्हणून रडले की अजून भ्रमात आहेत म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

आता त्या डॉक्टरांबद्दल. युनिटमध्ये सर्वांत वर प्राध्यापक, मग सहयोगी प्राध्यापक, मग ह्या, ज्यांना सगळे लेक्चरर म्हणत. वय पस्तिशीचं असेल. त्यांच्या हाताखाली रेसिडेंट, म्हणजे एमडी करणारी मुलं, आणि त्याखाली इंटर्न. पहिल्या दोन दिवसांत मला कळेना की आमचा डॉक्टर कोण. मग लक्षात आलं की निर्णयाचा धागा ह्यांच्या हातात आहे. सकाळचा राउंड संपल्यावर बाकीचे ओपीडीला, लेक्चरला, लायब्ररीला जात. ह्या अकरा वाजता पुन्हा दिसत, तीन वाजता दिसत, रिपोर्ट आला की दिसत. नडगीच्या जखमेसाठी सर्जरीवाल्यांना बोलावलं ते ह्यांनीच, आणि सर्जन काय म्हणाले ते मला येऊन सांगितलंही ह्यांनीच. सर्जनांनी लिहिलेलं एक वेदनाशामक ह्यांनी खोडलं, फोन करून, त्यांना कारण सांगून. ते औषध मूत्रपिंडावर ताण आणतं आणि शरीरात पाणी अडवतं, सोडियम कमी असलेल्या माणसाला ते नको. चार तज्ज्ञांच्या चार चिठ्ठ्या एका माणसाच्या अंगावर एकत्र येऊन काय करतील, हे बघायला एक माणूस होता. मला आधी चार दिवस हाच माणूस हवा होता.

तिसऱ्या रात्री भाच्याचा फोन आला. यजमानांच्या बहिणीचा मुलगा, अमेरिकेत एका शिकवणाऱ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तो नक्की काय करतो हे आम्हाला कधी नीट कळलं नव्हतं. लग्नात कोणी विचारलं की "हार्टचा की हाडांचा?", तर तो नुसता हसायचा. त्या रात्री मी त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, "मामी, त्या डॉक्टर जे करतात तेच माझं काम. ह्याला हॉस्पिटलिस्ट म्हणतात."

मग त्याने सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. पूर्वी अमेरिकेत पेशंट दाखल झाला की त्याचा नेहमीचा डॉक्टरच सकाळी हॉस्पिटलात येऊन जायचा आणि मग आपल्या दवाखान्यात दिवसभर बसायचा. दुपारी रिपोर्ट आला, पेशंट बिघडला, तर फोनवर. १९९६ साली रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन ह्या कॅलिफोर्नियातल्या दोन डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक लेख लिहिला, आणि फक्त दाखल पेशंटांना पाहणाऱ्या ह्या नव्या डॉक्टरला हॉस्पिटलिस्ट हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी त्यांची संघटना उभी राहिली. आज तिथे असे हजारो डॉक्टर आहेत. बरेच जण सात दिवस सलग काम करतात आणि सात दिवस सुट्टी घेतात.

शिकवणाऱ्या हॉस्पिटलांत ह्यांची गरज आणखी एका कारणाने वाढली, आणि ते कारण ऐकून मी पलंगाशेजारच्या स्टुलावर सरळ होऊन बसले. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी ताप आणि अंगाला येणारे आचके म्हणून दाखल झाली आणि सकाळपर्यंत गेली. ती नैराश्यावरचं जे औषध घेत होती त्याच्याशी न जमणारं पेथिडीन हे वेदनाशामक तिला रात्री दिलं गेलं होतं. तिच्या वडिलांनी प्रकरण लावून धरलं. रात्री वॉर्ड सांभाळणारी शिकाऊ मुलं किती तास जागी असतात आणि त्यांच्यावर देखरेख कोणाची असते, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, २००३ मध्ये ती सबंध देशातल्या रेसिडेंटांना लागू झाली. मुलांचे तास कमी झाले, पेशंट तेवढेच. मग ते काम कोणी करायचं? शिकून पूर्ण झालेला, वॉर्डातच राहणारा, मुलांवर लक्ष ठेवणारा डॉक्टर हवा. भाचा तेच करतो. सकाळी मुलांबरोबर राउंड, दुपारी मुलांशिवाय स्वतःचे वेगळे पेशंट, ऑर्थोपेडिकच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची साखर आणि रक्तदाब, आणि संध्याकाळी घरच्या लोकांशी बोलणं.

मी त्याला विचारलं, ह्यात वाईट काय? तो थांबून म्हणाला, "वाईट हे की मामांना वीस वर्षं ओळखणारा डॉक्टर तिथे नसतो. मी पेशंटला पहिल्यांदाच भेटतो. म्हणून येताना आणि जाताना, ह्या दोन दारांवर चुका होतात. आणि पाळी बदलताना." पाळी बदलताना काय सांगायचं ह्याची 'आय-पास' नावाची एक ठरलेली पद्धत नऊ हॉस्पिटलांत वापरून पाहिली, तेव्हा चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, हे २०१४ मध्ये छापून आलं आहे. त्या पद्धतीतला एक भाग असा की नुसता पेशंट कसा आहे एवढं सांगायचं नाही, रात्री काय होऊ शकतं आणि तसं झालं तर काय करायचं, हेही सांगून जायचं.

हे ऐकल्यावर दुसऱ्याच रात्री ते मी डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी घरी जाण्याआधी डॉक्टर माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "काकी, गोळ्या बंद केल्यात. आता शरीर एकदम साठलेलं पाणी सोडायला लागेल. लघवी अचानक खूप व्हायला लागली तर ते चांगलं वाटेल, पण मला ते घाईचं नको. बाटली भरली की लगेच सिस्टरना सांगा, सकाळची वाट बघू नका." सोडियम कमी असणं धोक्याचं, तसं ते झपाट्याने वर जाणंही धोक्याचं असतं. चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त वाढलं तर मेंदूच्या नसांवरचं आवरण निघून माणूस कायमचा लुळा पडू शकतो. हे त्यांनी मला न घाबरवता सांगितलं, भाताच्या रोपाचं उदाहरण देऊन. बरेच दिवस पाण्यात बुडालेलं शेत एकदम कोरडं केलं तर रोप मान टाकतं.

रात्री दोनच्या सुमाराला पहिली बाटली भरली. पाऊण तासात दुसरी, पाण्यासारखी पांढरी. मी सिस्टरकडे गेले, सिस्टरने रेसिडेंटला उठवलं. तो मुलगा डोळे चोळत आला, पण त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही, कारण त्याच्या खिशातल्या कागदावर ते लिहिलेलं होतं. 'लघवी वाढली तर लगेच सोडियम बघ, आणि मला फोन कर.' त्याने रक्त घेतलं. सोडियम ठरवल्यापेक्षा वेगाने वर निघालं होतं. त्याने डॉक्टरांना घरी फोन लावला. मग त्याने सलाईन बदललं आणि साखरेचं पाणी सुरू केलं. मी दचकले. मीठ वाढावं म्हणून आपण इथे आलो आणि हा पाणी देतो? झोपेतून उठलेल्या त्या मुलाने मला उभ्याउभ्या समजावलं की आता वेग कमी करायचाय, चढ हळूच चढायचाय. सकाळी आकडा जिथे हवा होता तिथे होता.

ती रात्र माझ्या मनातून जात नाही. शेजारच्या खाटेवर सावंतवाडीकडचा एक म्हातारा होता, त्याची सूनही जागी होती. तिने मला फ्लास्कमधला चहा दिला. बाहेर पाऊस कोसळत होता.

विद्यार्थ्यांबद्दल मुद्दाम लिहिते, कारण बांबोळी म्हटलं की माझ्या बहिणींनी पहिली तक्रार हीच केली होती की तिथे मुलं शिकतात, माणसावर हात साफ करतात. मला नऊ दिवसांत उलटं दिसलं. मुलं आहेत म्हणून डॉक्टरांना प्रत्येक गोष्टीचं कारण मोठ्याने सांगावं लागत होतं. "ही गोळी का चालू आहे?" "हा रिपोर्ट का मागवला?" "पेशंट आज घरी गेला तर काय अडेल?" हे प्रश्न रोज सकाळी यजमानांच्या खाटेशी विचारले जात. ज्याचं उत्तर मिळत नसे ते औषध बंद होई. ॲसिडिटीची एक गोळी तशीच गेली, कोणी कधी सुरू केली हे कोणालाच सांगता आलं नाही. ज्या मुलीने स्ट्रिपा वाचल्या, ती एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला डॉक्टरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली नाही, एवढंच म्हणाल्या, "आता हे आयुष्यभर कर."

माझ्या यजमानांचे आजोबा पणजीच्या जुन्या 'एश्कोल'बद्दल सांगायचे. १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी काढलेली ती वैद्यकीय शाळा. त्याच मुळातून १९६३ मध्ये हे महाविद्यालय झालं आणि नंतर बांबोळीला आलं. पणजीच्या त्या जुन्या वास्तूत आता इफ्फीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची गर्दी असते. इतकी वर्षं एकाच संस्थेत शिकवणं आणि बरं करणं एकत्र चाललंय ह्याचा मला त्या खाटेशी बसून अभिमान वाटला. वाटला म्हणून लिहिते.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी अर्धा तास दिला. पुन्हा तोच वर्तमानपत्राचा कागद. ठेवायच्या स्ट्रिपा उजवीकडे, टाकायच्या डावीकडे. डावीकडच्या त्यांनी माझ्यादेखत कात्रीने कापल्या, घरी जाऊन चुकून परत डब्यात जाऊ नयेत म्हणून. डिस्चार्ज कार्डावर वर लाल शाईने लिहिलं की ह्या घराण्यातली औषधं ह्या पेशंटला पुन्हा द्यायची नाहीत. साखळीच्या आमच्या डॉक्टरांना वेगळं पत्र दिलं. काय झालं, काय बदललं, आठवड्याने कोणती तपासणी. आणि मग म्हणाल्या, "आता काकी, तुम्ही मला सांगा. सकाळी काय देणार?" मी परीक्षेला बसल्यासारखी सगळं म्हणून दाखवलं. रात्रीच्या इन्सुलिनचा आकडा चुकला. त्यांनी पुन्हा सांगितला, पुन्हा म्हणायला लावला.

तुमच्यापैकी कोणाला आपलं माणूस दाखल करावं लागलं, मग ते कुठेही असो, सरकारी किंवा खाजगी, तर घरातून निघताना औषधांचा डबा सगळाच्या सगळा पिशवीत ओता. आयुर्वेदिक, केमिस्टने दिलेलं, शेजारणीने सुचवलेलं, तेही. पहिल्याच दिवशी विचारा की ह्या सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र कोण बघतो, आणि त्या माणसाचं नाव वहीत लिहून ठेवा. असा कोणी नाही असं उत्तर आलं, तर तसं ठरवून द्या म्हणून आग्रह धरा. माझं आता ठाम मत आहे की गोव्यातल्या प्रत्येक मोठ्या खाजगी हॉस्पिटलाने असा एक फिजिशियन पगारावर, वॉर्डात, दिवसभर ठेवला पाहिजे, आणि त्याचं नाव खाटेवरच्या पाटीवर तज्ज्ञांच्या नावांच्या वर लिहिलं पाहिजे. यंत्रावर खर्च होतो, मग ह्यावर का होऊ नये? यजमानांचा एमआरआय नितळ होता. त्यांना पाहिजे होता तो स्ट्रिपेच्या मागचं अक्षर वाचणारा माणूस.

घरातल्या माणसांपैकी एकानेच तिथे राहावं, रोज बदलू नये. डॉक्टरांनी सोमवारी सांगितलेलं बुधवारी येणाऱ्या दिराला माहीत नसतं, आणि मग डॉक्टर नीट बोलत नाहीत असं आपल्याला वाटतं. मी नऊ दिवस राहिले. मुलगा दुपारी डबा आणायचा, तेवढा वेळ मी कॉरिडॉरमध्ये पाय मोकळे करायची.

चवथीला आम्ही घरी होतो. यजमान आरामखुर्चीत, पाय उशीवर. माटोळी मुलाने बांधली, ते बसल्या जागेवरून सांगत होते, घागऱ्या तिकडे नको, नारळाच्या बाजूला बांध. आठवड्याने सोडियम १३७ आलं. मी डॉक्टरांच्या वॉर्डात फोन करून आकडा कळवला. ज्या मुलाने फोन उचलला तो तोच, रात्री दोनचा. आकडा ऐकून त्याने तो परत म्हणून दाखवला आणि विचारलं, "काकी, पाणी किती पितात ते मोजताय ना अजून?"

मोजते. पितळेच्या तांब्यावर खूण करून ठेवली आहे.